पंचाहत्तरीचं पोर्ट्रेट

इंगवले सरांनी माझ्या खांद्यावरून हात पुढे घातला, की-बोर्डवरची दोन बटणं दाबली, आणि मी तीन आठवडे खपून रंगवलेला म्हातारा स्क्रीनवर वाकडा होऊन बसला.

"आता बघ," सर म्हणाले. "ह्याचा जबडा कुणी मारामारीत हलवलाय काय?"

जबडा खरंच हललेला होता. एक डोळा कपाळाकडे निघाला होता आणि नाकाचा शेंडा भलत्याच गावाला. चित्र आरशातल्यासारखं उलटं केलं की डोळ्यांना लागलेली सवय मोडते आणि लपलेल्या चुका बाहेर येतात, हे सर पहिल्या वर्षापासून सांगत होते. कॉम्प्युटरवर रंगवणाऱ्याला तर ते फारच सोपं. बटण दाबलं की डावं ते उजवं, पुन्हा दाबलं की होतं तसं.

"दिवसातनं दहा वेळा उलटं करायचं. आणि परत सुलटं करायचं, ते विसरायचं नाही. नाहीतर मागल्या वर्षीसारखं होतंय."

वर्ग हसला. मागच्या वर्षी मी एका मैत्रिणीचं चित्र उलटंच छापून परीक्षेला लावलं होतं. तिची चमकी नाकाच्या भलत्या बाजूला आणि घड्याळ भलत्या हातात. तेव्हापासून कोल्हापूरच्या त्या कॉलेजात मी ऋजुता वझे उरले नव्हते, उलटी वझे झाले होते. हे नाव मी हसत हसत सोसलं, पण त्या दिवसापासून कानाला खडा लावला. छापण्याआधी फाईल चारदा तपासायची.

तिसऱ्या वर्षाला मी हुबेहूब पोर्ट्रेट हा विषय घेतला होता. बाहेरच्या लोकांना वाटायचं, कॉम्प्युटरवर चित्र म्हणजे फोटो टाकला, बटण दाबलं, झालं. आमच्याकडे फोटोतून रंग उचलायला बंदी होती. फोटो बाजूला उघडून ठेवायचा, रंग डोळ्यांनी ओळखायचा आणि टॅब्लेटवरच्या पेनने आपल्या हाताने मिसळायचा. आधी आख्खा चेहरा काळ्या-पांढऱ्या छटांत उभा करायचा, मग त्यावर रंग. कातडी एका रंगाची नसते हे मला तिथे कळलं. डोळ्यांखाली ती निळसर असते, कानाच्या पाळीला लाल, दाढीच्या जागी हिरवट. मी सुरुवातीला सगळ्यांचे गाल गुळगुळीत करून टाकायचे. सर म्हणायचे, "हे काय, कणीक मळलीयास? तुला माहीत हाय ते काढू नको, दिसतंय ते काढ. नाक म्हणजे काय ते इसर. उजेड कुठं पडलाय तेवढं बघ."

मला ते हळूहळू जमायला लागलं होतं. आणि ते शिकण्यामागे माझं एक खासगी कारण होतं.

मी सात वर्षांची असताना बाबा घरातून निघून गेले. भांडण नाही, काही नाही. त्यांचं मन अधूनमधून बिघडायचं, मग दिवसचे दिवस कुणाशी बोलायचे नाहीत. एका सकाळी मिरज स्टेशनच्या स्टँडवर सायकल लावून गेले ते गेलेच. नानांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, पोलिसांत कळवलं, पेपरात फोटो दिला, गाणगापूर आणि अक्कलकोट पालथं घातलं. आजी दाराकडे बघत बघतच गेली. आई मात्र ठाम होती. ते येतील, म्हणायची. ती पोस्टात नोकरीला होती. रोज सकाळी ठसठशीत कुंकू लावून, मंगळसूत्र पदराबाहेर काढून कामावर जायची. साताऱ्याला बढतीवर बदली मिळत होती ती तिने नाकारली, कारण बाबांना मिरजेचा पत्ता माहीत होता.

तर माझ्या लॅपटॉपमध्ये एक फाईल होती. बाबांच्या लग्नातल्या फोटोवरून मी त्यांना थोडं थोडं म्हातारं करत होते. कानशिलावर पांढरे केस, डोळ्यांखाली सैल कातडी, जरा मागे सरकलेलं कपाळ. उद्या एखाद्या स्टेशनवर समोर आले तर ओळखता यायला नकोत का? सरांनी एकदा ती फाईल बघितली, कोण ते विचारलं आणि मी सांगितल्यावर खुर्ची ओढून बसले.

"माणूस जिथं हसतो तिथं सुरकुती पडते," सर म्हणाले. "हे किती हसायचे?"

मला सांगता आलं नाही. सरांनी पुढे काही विचारलं नाही, पण त्यानंतर वर्गात त्यांनी मला उलटी म्हणणं बंद केलं.

त्या वर्षी मार्चमध्ये नानांची पंचाहत्तरी होती. नाना शाळेत संस्कृत शिकवून निवृत्त झालेले, कडक, पण माझ्याशी मवाळ. त्यांचं मोठं पोर्ट्रेट करून समारंभात द्यायचं असं मी मनाशी ठरवलं. घरात कुणाला सांगितलं नाही. अडचण एकच होती, कॅमेरा दिसला की नाना शाळेच्या वार्षिक फोटोत बसल्यासारखे ताठ व्हायचे. चेहऱ्यावर 'मुख्याध्यापक रजेवर असताना प्रभारी' असा भाव. तो रंगवण्यात काही मजा नव्हती.

सव्वीस जानेवारीला मी घरी आले होते. आईला सुट्टी, म्हणून तिचं संक्रांतीचं हळदीकुंकू त्याच दिवशी ठरलेलं. सकाळी ती स्वयंपाकघरात वाण द्यायच्या वाट्या पुसत बसली होती. मी कॉलेजचा कॅमेरा गळ्यात अडकवून मागच्या दाराशी गेले, तर परसात पेरूच्या झाडाजवळ फरशीवर नाना बसलेले. अंगात काही नाही, गळ्यात जानवं, पुढे ताम्हन आणि तांब्या. थंडीतलं तिरकं ऊन त्यांच्या अर्ध्या अंगावर पडलं होतं. संध्या करत असतील असं मला वाटलं. नानांचं जानवं मी एरवी बनियनच्या आतच बघितलेलं, त्यात मला काय कळणार?

पण चेहरा बघून मी तिथेच थांबले. नानांचा तो चेहरा मी कधी पाहिला नव्हता. सगळा ताठपणा गळून गेला होता. ओठ हलत होते, डोळे खाली होते आणि उजव्या तळहातावरून पाणी ताम्हनात पडत होतं. मी दाराआडून फोटो काढले. नानांना पत्ता लागला नाही. मला हवा होता तसा चेहरा मिळाला म्हणून मी इतकी खूश झाले की आईच्या हातातली वाटी घेऊन वाजवली आणि बोलणी खाल्ली.

मग दोन महिने मी नानांबरोबरच राहिले म्हणायला हरकत नाही. कॉलेज सुटलं की लॅबमध्ये जाऊन बसायचं आणि त्या चेहऱ्यात शिरायचं. पडद्यावर एक भुवई हाताएवढी मोठी करून केस न् केस काढायचा. हात तर चेहऱ्यापेक्षा अवघड. ओल्या तळहातावरचा उजेड, अंगठ्याशेजारून निसटणारी पाण्याची धार, ती जमेपर्यंत मी रडकुंडीला आले.

एकदा सरांनी त्या हातावर बोट ठेवलं. "हे काळं काळं काय? कचरा?"

"काहीतरी लागलंय हाताला. फोटोत आहे."

"मग काढ."

मी एकेक ठिपका काढला. सर गेले नाहीत. चेहऱ्याकडे बघत उभे राहिले.

"कुणासाठी रडतोय गं तुझा आजा?"

"रडत नाहीत सर. ऊन आलंय डोळ्यांवर."

"ऊन असं खालच्या पापणीला धरत नाही," सर म्हणाले. "बरं, आजा तुझा, तुला ठाऊक. दिसतंय ते काढ, बस."

दिसत होतं ते मी काढलं. पापणीच्या कडेला ओल दिसत होती, ओल काढली. ओठाचा एक कोपरा खाली ओढल्यासारखा होता, तो तसा ओढला. ते काय आहे हे मला माहीत नव्हतं, आणि माहीत नव्हतं म्हणूनच ते इतकं बरोबर आलं. शेवटी सरांनी स्वतः फाईल उघडून उलटी-सुलटी करून तपासली, सुलटी ठेवली आणि "जा, छाप" म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं की आपल्याला चित्र काढता येतं.

समारंभ मिरजेतल्याच एका लहान कार्यालयात होता. आमचे आठवले गुरुजी सकाळपासून शांतीचे होम-हवन करत होते. नातेवाईक, नानांचे जुने विद्यार्थी, आईच्या पोस्टातली मंडळी आणि कोल्हापूरहून खास आलेले इंगवले सर, असा सगळा गोतावळा. आईने पंचाहत्तर दिव्यांनी नानांना ओवाळलं. मग मी माईक हातात घेतला, दोन वाक्यं अडखळत बोलले आणि नानांना म्हटलं, कापड तुम्हीच काढा.

नानांनी कापड ओढलं. टाळ्या पडल्या. "बोलेल आता," कुणीतरी म्हणालं. पोस्टातल्या बायका फ्रेमला नाक लावून हा फोटो की चित्र यावर वाद घालायला लागल्या. नाना मात्र चित्राकडे बघून मागे सरकले आणि खुर्चीत बसले. भारावून गेलेत असं मला वाटलं, आणि मीही भारावले.

गुरुजी चष्मा पुसत पुढे आले. बराच वेळ बघून म्हणाले, "मुली, चित्र झकास काढलंयस. फक्त उलटं छापलंस."

मी फ्रेमकडे वळले. "उलटं?"

"जानवं बघ ना, उजव्या खांद्यावर आलंय. ते डाव्या खांद्यावर असतं. उजव्यावर घेतात ते फक्त पितरांचं करताना, श्राद्धाला, तर्पणाला. त्याला अपसव्य म्हणतात. मंगलकार्यात असं बरं दिसत नाही. बदलून घे हो."

त्यांनी काही वाईट हेतूने सांगितलं नव्हतं. पण सगळ्या कार्यालयासमोर माझी उलटी वझे झाली. चारदा तपासूनसुद्धा. "चुकलं गुरुजी, मी दुसरं छापून आणते," असं पुटपुटत मी कापड परत फ्रेमवर टाकायला लागले. जमिनीने पोटात घ्यावं असं वाटत होतं.

"थांब थांब," मागून इंगवले सरांचा आवाज आला. ते खुर्च्यांमधून वाट काढत पुढे आले. "उलटं नाही ते. गुरुजी, चामखीळ बघा की. नानांच्या डाव्या गालावर हाय. चित्रात कुठं हाय? डाव्याच गालावर. उलटं असतं तर उजवीकडं गेली असती. फाईल मी स्वतः तपासलीय. पोरीनं दिसलं तेच काढलंय."

सगळ्यांनी नानांच्या गालाकडे बघितलं, मग चित्राकडे. चामखीळ जागच्या जागी होती. माझा जीव भांड्यात पडला. सरांनी माझ्याकडे बघून मान डोलावली, आपली विद्यार्थिनी वाचली याचा त्यांना मनापासून आनंद झाला होता.

गुरुजी मात्र पुन्हा चित्राकडे वळले. आता ते आणखी जवळून बघत होते. "मग जानवं..." ते स्वतःशीच बोलले. त्यांचं बोट चित्रातल्या हाताशी गेलं. "पाणी अंगठ्याकडून सोडलंय. आणि हे काळे तीळ." आणि एखाद्या हिशेबी माणसाला आकडा जुळत नाही तसे ते नानांकडे वळून म्हणाले, "नाना, वडिलांची तिथी श्रावणातली. आईंची कार्तिकातली. ऋजुताच्या आजीची वैशाखात. सगळी मीच करतो. मग हे कधीचं?"

नाना बोलत नाहीत म्हणून मीच बोलले, तेही अभिमानाने.

"सव्वीस जानेवारीचं, गुरुजी. आईच्या हळदीकुंकवाच्या दिवशी सकाळी काढला फोटो."

गुरुजींची नजर आईकडे गेली. आई ओवाळणीचं तबक हातात घेऊन उभी होती.

"असो," गुरुजी घाईने म्हणाले. "असो, असो. पानं वाढायला घ्या."

त्या घाईनेच घात केला. लोक पंगतीकडे वळले, खुर्च्या सरकल्याचे आवाज झाले, आणि मी अजूनही खुळ्यासारखी हसत उभी होते. मग आईच्या चेहऱ्याचा रंग बघितला. मी वर्षभर कातडीचे रंग शिकत होते, पण माणसाच्या चेहऱ्यातून रक्त असं उतरताना कधी बघितलं नव्हतं. आधी ओठ गेले, मग गाल. त्या पांढऱ्या कपाळावर कुंकू तेवढं राहिलं. तेव्हा मला कळलं. आमच्या घरात तिथी नसलेला माणूस एकच होता.

आईने तबक खाली ठेवलं. "नाना, जरा आत या," ती म्हणाली. मीही त्यांच्यामागे गेले.

आत म्हणजे 'वधूपक्ष' अशी पाटी असलेली खोली. आरशाला कुणा कुणा नवरीमुलींच्या टिकल्या चिकटलेल्या. नाना प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसले, अंगावर सत्काराची शाल तशीच. आईने दार लावलं.

"कुणाचं तर्पण करत होता?"

"वृंदा, आधी बस."

"कुणाचं?"

"मुकुंदाचं," नाना म्हणाले.

बाबांचं नाव आमच्या घरात नेहमी वर्तमानकाळात घेतलं जायचं. मुकुंदला वांगं आवडतं, मुकुंद उन्हाचा फिरत नाही. ते नाव असं ऐकून मला पहिल्यांदा काही समजलंच नाही. मी भिंतीला पाठ टेकली.

"तो घर सोडून गेल्यानंतर दुसऱ्या वर्षी," नाना खाली बघत सांगायला लागले. "आंध्रातल्या एका रेल्वे स्टेशनातून इथल्या पोलिसांना निरोप आला. हवालदार माझा विद्यार्थी. शाळेत आला, मला बाजूला घेतलं आणि सांगितलं. मी जाऊन ओळखलं. फलाटावर राहायचा म्हणाले, आजारी होता. तिथेच अग्नी दिला."

"तुम्ही कधी गेलात आंध्रात? तुम्ही कुठे गेला होतात?"

"तिरुपतीला गेलो होतो ना."

आईचा हात तोंडावर गेला. मला ते आठवत होतं. नाना डोकं आणि मिशी उतरवून आले होते, मी त्यांच्या गुळगुळीत डोक्यावरून हात फिरवून हसले होते.

"मुकुंदासाठी केस वाहिले म्हणालात," आई म्हणाली. "मी लाडू वाटले. गल्लीत घरोघर जाऊन वाटले मी."

"तिरुपतीला खरंच गेलो होतो, वृंदा. तिकडून तसाच पुढे. निदान तेवढं तरी खोटं नसावं म्हणून."

अकरा वर्षं. मी मनात बाबांची फाईल उघडली. बाबा अडतिसाव्या वर्षी संपले होते आणि मी त्यांना पन्नाशीपर्यंत नेलं होतं. तो एकेक पांढरा केस माझ्या हातचा होता. ज्या माणसाला मी स्टेशनवर ओळखणार होते, तो कधी झालाच नव्हता. मला रडू आलं नाही. अंगातून कुणीतरी सगळं काढून घेतल्यासारखी मी नुसती उभी राहिले.

"मला का नाही सांगितलंत?" आई विचारत होती. आवाज चढला नव्हता, त्यामुळे जास्त भीती वाटत होती.

"तुझ्या सासूला सोसलं नसतं. ती आहे तोवर नको, म्हटलं. ती गेली तेव्हा सांगणार होतो. पण तू रोज सकाळी आरशासमोर उभी राहायचीस, कुंकू लावायचीस. माझ्या एका शब्दाने ते पुसलं जाणार. मला धीर झाला नाही."

"पुसायचं का ठेवायचं, ते मी ठरवलं असतं."

"हो."

"करंदीकर आपल्या घरी आले होते."

करंदीकर आईच्या पोस्टात होते. मी दहावीत असताना एका रविवारी ते घरी आले होते आणि मला बाहेर खेळायला पाठवलं होतं. दहावीतल्या मुलीला खेळायला.

"तुमच्यासमोर विचारलं त्यांनी," आई म्हणाली. "सभ्यपणे विचारलं. किती दिवस वाट बघणार म्हणाले. मी म्हटलं, मी नवऱ्याची बाई आहे, आमचे हे येतील. तुम्ही समोर बसला होतात नाना. चहा पीत होतात."

"हो."

"त्यांचं पुढच्या वर्षी लग्न झालं. मी आहेर घेऊन गेले."

नानांनी शालीचं टोक मुठीत धरलं. बाहेर कुणीतरी पंगतीत श्लोक सुरू केला आणि बाकीच्यांनी तो उचलला.

"दरवर्षी करता?"

"दरवर्षी. पौष वद्य अष्टमी. गुरुजींना बोलावता येत नव्हतं, म्हणून माझं मीच. एरवी तू कामावर असायचीस. ह्या वर्षी तिथी सुट्टीच्या दिवशी आली."

आईने एकदम वर बघितलं. "म्हणून म्हणालात, हळदीकुंकू पुढच्या रविवारी कर."

"हो."

"आणि मी म्हटलं, सुट्टी कशाला वाया घालवायची." ती आरशाकडे वळली आणि लगेच तोंड फिरवलं. "सकाळी तुम्ही परसात बसला होतात आणि आत मी वाणाच्या वाट्या पुसत होते. चाळीस बायका आल्या माझ्याकडे. संध्याकाळी सगळ्या गेल्यावर मी तुमच्या पाया पडले."

नानांनी हात जरासा वर केला, पुढे बोलू नकोस अशा अर्थाने. आई पाया पडली की नाना कायम एकच आशीर्वाद द्यायचे. अखंड सौभाग्यवती भव. सणाला, वाढदिवसाला, सुट्टीवरून परत आल्यावर, खणखणीत उच्चारात. त्या संध्याकाळीही दिला होता. मी तिथेच होते. त्याचाही फोटो काढला होता मी, छान आला होता.

दारावर टकटक झाली. "नाना, पानं वाढलीत," कुणीतरी बाहेरून म्हणालं. "सगळे तुमच्यासाठी थांबलेत."

"आले हं," आईने उत्तर दिलं. अगदी नेहमीच्या आवाजात. तिने डोळे पुसले, पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला, नीट केला. मला वाटलं ती दार उघडून बाहेर जाईल.

ती नानांच्या खुर्चीसमोर येऊन उभी राहिली.

"आज तुमची पंचाहत्तरी," ती म्हणाली. "सगळ्यांचे नमस्कार झाले. माझा राहिलाय."

आणि ती गुडघे टेकून खाली वाकली, दोन्ही हात पुढे करून, दरवर्षी वाकायची तशीच.

तिचे हात पोचायच्या आत नानांनी पाय खुर्चीखाली ओढून घेतले.